कोरी तारीखचिठ्ठी हा आपल्याविरुद्धचा पुरावा ठरतो

सीमाभागातील मराठीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर दुकानांवरचे फलक येतात, बंद पडत चाललेल्या शाळा येतात, मराठीत न मिळणारी परिपत्रके येतात आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा येतो. विद्यापीठाचे ग्रंथालय सहसा येत नाही. तेथे आंदोलन होत नाही, पोलीस येत नाहीत, वर्तमानपत्राला बातमी मिळत नाही. तरीही महाराष्ट्राबाहेरील मराठीचे जे काही सार्वजनिक पैशाने जमवलेले आणि अजून आपल्या आवाक्यात असलेले धन आहे, त्याचा मोठा भाग याच इमारतींत कपाटबंद आहे. ते धन कोणी लुटून नेईल अशी भीती आम्हांस वाटत नाही. कोणी मागत नाही म्हणून ते एक दिवस मोडीत निघेल, ही भीती मात्र वाटते.

ही पुस्तके तेथे आली कशी, हे आधी लक्षात घेतले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, पण ग्रंथालयांची कपाटे जागेवरच राहिली. मराठवाडा तोवर हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात होता. तेथील महाविद्यालये उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती, आणि मराठवाडा विद्यापीठ निघाले ते १९५८ साली. म्हणजे उस्मानियातील जुना मराठी संग्रह हा त्या काळच्या मराठवाड्याचाही संग्रह होय. बेळगाव-धारवाडची महाविद्यालये कर्नाटक विद्यापीठ १९४९ साली स्थापन होईपर्यंत मुंबई विद्यापीठाकडे होती आणि तेथे मराठी हा नित्याचा अभ्यासविषय होता. बडोद्यात तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून मोफत ग्रंथालयांची योजना उभी केली. पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये खेडोपाडी जात असत, आणि गुजरातीच्या बरोबरीने मराठीतही ग्रंथमाला निघत असत. त्याच महाराजांचे नाव धारण करणारे विद्यापीठ १९४९ पासून तेथे आहे. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांचा ग्रंथसंग्रह जतन केलेला आहे. यांतील एकही संग्रह परराज्याने आपल्यावर केलेला उपकार नव्हे. त्या त्या प्रदेशातील मराठी माणसांनी भरलेल्या करांतून, फीमधून आणि देणग्यांतून हे ग्रंथ जमले आहेत.

आता मुख्य मुद्दा. ग्रंथालयातील पुस्तकाच्या शेवटच्या पानावर परतीची तारीख ठोकण्यासाठी एक चिठ्ठी चिकटवलेली असते. आज बहुतेक ठिकाणी तिचे काम संगणक करतो. तरी जुन्या पुस्तकांत ती अजून दिसते आणि नवी नोंद संगणकाच्या पोटात साठते. पुस्तक किती वेळा बाहेर गेले, शेवटचे केव्हा गेले, हे या नोंदीवरून कळते. ग्रंथालय समितीची बैठक भरते तेव्हा दोन प्रश्न हमखास निघतात: जागा अपुरी आहे, कोणती पुस्तके बाद करायची? आणि पैसे अपुरे आहेत, कोणत्या विषयाची खरेदी कमी करायची? दोन्ही वेळा पुढे येतो तो देवघेवीचा तक्ता. त्यात मराठीच्या रकान्यात शून्य असेल, तर मराठीद्वेष्टा सभासद असण्याची गरजच उरत नाही. कोणाचे मन वाईट नसताना, नियमाला धरून, मराठीची खरेदी थांबते. मग विभागात विद्यार्थी येत नाहीत, कारण पुस्तके नवी नाहीत. आणि पुस्तके येत नाहीत, कारण विद्यार्थी नाहीत. हे चक्र बाहेरून कोणी फिरवत नाही. ते रिकाम्या रकान्यावर आपोआप फिरते.

महाविद्यालये आणि विद्यापीठे यांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या निकषांत पायाभूत सुविधा व अध्ययनसाधने हा स्वतंत्र निकष आहे, आणि ग्रंथालयाचा दैनंदिन वापर किती होतो हे त्यात विचारले गेले आहे. म्हणजे वाचकांची संख्या ही ग्रंथपालालाही हवी असते. मराठी वाचक दारात उभा राहिला तर तो ग्रंथपालाच्या डोक्याला ताप नसतो. तो त्याच्या अहवालातला आकडा असतो. ग्रंथपाल हा आपला प्रतिस्पर्धी आहे, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी असे आम्ही आग्रहाने सांगतो. अनुभव असा की मराठीचे पुस्तक मागणारा कोणी आला याचा आनंद सर्वांत आधी त्यालाच होतो, मग त्याची मातृभाषा कन्नड असो, गुजराती असो की तेलुगू.

मागायचे म्हटले की पहिली अडचण शोधाची येते, आणि ती खास भाषिक स्वरूपाची आहे. बाहेरच्या विद्यापीठांत मराठी ग्रंथांच्या नोंदी पुष्कळदा रोमन लिपीत केलेल्या असतात. एकच ‘ज्ञानेश्वरी’ तीन ठिकाणी सापडू शकते: संस्कृत पद्धतीने लिप्यंतर केले असेल तर ‘जे’खाली, मराठी उच्चाराप्रमाणे केले असेल तर ‘डी’खाली आणि हिंदी उच्चाराप्रमाणे केले असेल तर ‘जी’खाली. ‘ळ’ला रोमनमध्ये घर नाही, म्हणून ‘काळ’ आणि ‘काल’ एकाच रांगेत बसतात. शब्दाच्या शेवटी कोणी ‘अ’ लावतो, कोणी गाळतो. टोपणनावांचा घोळ निराळाच: केशवसुत कोठे ‘दामले’ म्हणून नोंदलेले, कुसुमाग्रज कोठे ‘शिरवाडकर’ म्हणून, आणि कवी ‘बी’ शोधायचे तर ‘गुप्ते’ या आडनावाखालीही पाहावे लागते. एक शब्द टाकून ‘पुस्तक नाही’ असे उत्तर आले की आपण परत फिरतो. वस्तुतः पुस्तक असते. नोंद आपल्या भाषेत बोलत नसते.

यावर उपाय आहे. बहुसंख्य विद्यापीठांत ड्युईची दशांश वर्गीकरण पद्धती चालते. तीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आणि मराठी भाषेचा ४९१.४६ असा आहे. तुलनेसाठी गुजराती साहित्य ८९१.४७ वर आणि कन्नड साहित्य ८९४.८१४ वर बसते. मुक्तद्वार ग्रंथालय असेल तर सरळ त्या कपाटापुढे जाऊन उभे राहावे. मात्र तेवढ्यावर थांबू नये. मराठीत लिहिलेला इतिहास ९५४च्या आसपास, संतवाङ्मयाचे धार्मिक विवेचन २९४.५ मध्ये, रंगभूमीवरील ग्रंथ ७९२ मध्ये असे विखुरलेले असतात. ‘मराठी’ अशी पाटी असलेले कपाट म्हणजे संपूर्ण मराठी संग्रह नव्हे. घरबसल्या शोधायचे असेल तर ‘इन्फ्लिबनेट’ या गांधीनगरच्या केंद्राने तयार केलेली ‘इंडकॅट’ ही विद्यापीठ ग्रंथालयांची संयुक्त तालिका कोणालाही पाहता येते. त्याच केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध आहेत, त्यांत मराठीतील प्रबंधही आहेत आणि ते वाचण्यास सभासदत्व लागत नाही, पैसे लागत नाहीत. येथेही देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत शोधून पाहावे.

दुसरी अडचण नियमांची. नियम विद्यापीठागणिक बदलतात, पण त्यांची घडण सारखी असते. विद्यार्थ्याला थोडी पुस्तके थोड्या दिवसांसाठी, संशोधकाला अधिक, अध्यापकाला सर्वांत अधिक. संदर्भग्रंथ, प्रबंध, हस्तलिखिते आणि नियतकालिकांचे बांधीव खंड घरी मिळत नाहीत. ते वाचनकक्षात बसून वाचायचे. उशीर झाला तर दिवसागणिक दंड, पुस्तक हरवले तर त्याच किंवा नव्या आवृत्तीची प्रत किंवा किंमत, आणि वर्षअखेर ‘नादेय’ प्रमाणपत्र. हे सारे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. त्यांना पुष्कळदा ठाऊक नसते ते असे की पुस्तक दुसऱ्याकडे असेल तर आपले नाव आरक्षणात टाकता येते, मुदत वाढवून घेता येते, खरेदीसाठी पुस्तक सुचवता येते, आणि आपल्या ग्रंथालयात नसलेला ग्रंथ आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येतो. दिल्लीच्या ‘डेलनेट’सारख्या जाळ्याचे सभासदत्व संस्थेला असते, म्हणून अशी मागणी वाचकाने परस्पर न करता आपल्या ग्रंथपालामार्फत करायची असते. आरक्षण, शिफारस आणि आंतरग्रंथालयीन मागणी या तिन्हींची नोंद राहते. पुस्तक हाती आले नाही तरी ‘मराठी ग्रंथाला मागणी आहे’ हे कागदावर येते. आमच्या दृष्टीने याचे मोल निवेदनावरच्या सह्यांइतकेच आहे.

एक छोटी गोष्ट आवर्जून सांगतो. वाचनकक्षात बसून वाचलेले पुस्तक सौजन्य म्हणून स्वतः कपाटात परत ठेवू नये. बहुतेक ग्रंथालये ते टेबलावर किंवा ठरलेल्या जागी ठेवण्यास सांगतात. तेथून उचलताना अनेक ठिकाणी वापराची मोजणी होते, आणि पुस्तक चुकीच्या जागी जाऊन हरवण्याचे टळते.

विद्यापीठाचा विद्यार्थी नसलेल्या वाचकाचे काय? सीमाभागात खरा वाचक हाच आहे: निवृत्त शिक्षक, गावचा इतिहास लिहू पाहणारा, नाट्यमंडळाचा दिग्दर्शक, स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी मुलगी. या वाचकाला दारावरच ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ असे ऐकावे लागते. आमच्या एका सहकाऱ्याला एका विद्यापीठात हेच उत्तर मिळाले. त्याने नम्रपणे नियमाची प्रत मागितली. प्रत निघाली तेव्हा तिच्यात बाहेरच्या वाचकासाठी ओळखपत्र, शिफारसपत्र आणि अनामत अशी तरतूद व्यवस्थित लिहिलेली होती. दारावरच्या माणसाला ती सांगितलेली नव्हती. तोंडी नकार हा नियम नसतो. म्हणून आमचा सल्ला असा: जाताना ओळखपत्र न्यावे, जवळच्या महाविद्यालयाच्या किंवा सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालाचे शिफारसपत्र न्यावे, हव्या असलेल्या ग्रंथांची यादी न्यावी आणि नियम लेखी मागावा. माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळे सभासदत्व आहे का, हेही विचारावे. आपल्यापैकी अनेक जण त्याच विद्यापीठाचे पदवीधर असून ही चौकशी करत नाहीत.

येथे काही आक्षेप घेतले जातील. त्यांतला पहिला असा की आता सारे मोबाइलवर मिळते, ग्रंथालयाची गरज काय? हा आक्षेप जुन्या आणि अगदी नव्या पुस्तकांपुरता खरा आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. १९७० साली निवर्तलेल्या लेखकाचे पुस्तक २०३० साल संपेपर्यंत कोणाला परवानगीवाचून आंतरजालावर मुक्तपणे ठेवता येणार नाही. त्याचा प्रकाशक बंद पडलेला असेल, पुनर्मुद्रण निघाले नसेल, तर ते पुस्तक ना दुकानात मिळते, ना पडद्यावर. विसाव्या शतकाच्या मधल्या चार-पाच दशकांतील मराठी गद्य, विशेषतः छोट्या गावांतून छापलेले, याच खाईत पडलेले आहे. त्याची एकमेव वाचनीय प्रत एखाद्या विद्यापीठाच्या कपाटात असणे अशक्य नाही, आणि ती बाद झाली तर पुस्तकच संपले.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर, शिवाजी विद्यापीठाचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय असताना परक्या दारात का उभे राहायचे? कोल्हापूरला जरूर जावे. पण रोजच्या वाचनासाठी कोणी एवढा प्रवास करत नाही, आणि कोल्हापुरात घेतलेल्या पुस्तकाची नोंद बेळगावच्या तक्त्यात पडत नाही. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठीचा विभाग आहे, धारवाडला आहे, उस्मानियात आहे, बडोद्यात आहे, गोव्यात आहे. त्या विभागांचे अस्तित्व त्यांच्याच ग्रंथालयांतील वापराने सिद्ध व्हायला हवे. ज्या सरकारला आपण कर देतो त्याच्या ग्रंथालयात आपल्या भाषेचे पुस्तक मागणे यात लाचारी कसली? आपली वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती जतन करण्याचा हक्क संविधानाच्या २९व्या अनुच्छेदाने नागरिकांच्या प्रत्येक अशा समूहाला दिला आहे. जतन ही काही दरवर्षी एकदा साजरी करायची गोष्ट नाही.

तिसरा आक्षेप पलीकडून येतो: मराठीचा आग्रह म्हणजे कन्नडशी वैर. ग्रंथालयाचे कपाटच याला उत्तर देते. धारवाडचे द. रा. बेंद्रे हे कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी. त्यांच्या घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. कन्नडचे थोर संशोधक शं. बा. जोशी यांनी मऱ्हाटी संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. मराठीचे कपाट हलवले तर कन्नडच्या अभ्यासकाचेही नुकसान होते. हे आपण शांतपणे आणि वारंवार सांगितले पाहिजे.

विद्यापीठांकडे आमच्या मागण्या चार आहेत, आणि चारही ग्रंथालयशास्त्राच्या चौकटीत बसणाऱ्या आहेत. पहिली, मराठी ग्रंथांची तालिका देवनागरीत व्हावी. आजच्या संगणकप्रणालींना ते अवघड नाही. दुसरी, विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील भाषिक अल्पसंख्य वाचकांना ओळखपत्र दाखवून वाचनकक्षात बसू द्यावे आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर मर्यादित पुस्तके घरी द्यावीत. तिसरी, अल्पसंख्य भाषेतील ग्रंथ केवळ ‘बाहेर गेला नाही’ या कारणाने बाद करू नये. शेवटची प्रत असेल तर ती मराठी संग्रह असलेल्या दुसऱ्या संस्थेला आधी देऊ करावी. चौथी, भाषावार खरेदी आणि देवघेव यांचे आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. चौथ्या मागणीसाठी थांबण्याचे कारण नाही. सरकारी विद्यापीठांना माहितीचा अधिकार कायदा, २००५ लागू आहे आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. गेल्या पाच वर्षांत मराठीची किती पुस्तके घेतली, किती बाद केली, एवढाच प्रश्न विचारावा. मात्र हा अर्ज धमकी म्हणून वापरू नये. आकडे हाती आले की ते घेऊन ग्रंथपालाशी बोलावे.

रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी असतात आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा त्यांतल्या दोन सूत्रांचा आशय. या दुसऱ्या सूत्राची जबाबदारी ग्रंथपालावर जेवढी, तेवढीच वाचकावर आहे. कपाटातला ग्रंथ आपण होऊन चालत येत नाही.

आमची सूचना अगदी साधी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, हैदराबाद, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, पणजी, जेथे जेथे मराठी मंडळे आहेत, त्यांनी आपल्या पाच-सहा सभासदांचा एक गट करावा. गटाने जवळच्या विद्यापीठात जाऊन वाचनाची सोय करून घ्यावी. प्रत्येकाने महिन्याला एक मराठी ग्रंथ मागावा, वाचावा, आणि मंडळाच्या बैठकीत त्यावर दहा मिनिटे बोलावे. नुसता शिक्का उठवण्यासाठी पुस्तक नेऊन न वाचता परत करणे आम्हांस मान्य नाही; अशा देखाव्याने तक्ता भरेल, पण भाषा वाढणार नाही. मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी सत्राच्या सुरुवातीला एक तरी खरेदीशिफारस लेखी द्यावी आणि तिची पोच ठेवावी. अध्यापकांनी गृहपाठ देताना बाजारातील मार्गदर्शिकेऐवजी ग्रंथालयातील पुस्तकाचा बोधांक लिहून द्यावा. ज्यांच्या घरी जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तके आहेत त्यांनी ती रद्दीत घालण्याआधी ग्रंथपालाला विचारावे. देणगीची नोंद झाली की त्या पुस्तकाला दाखलक्रमांक मिळतो आणि दाखलक्रमांक मिळालेले पुस्तक सहजासहजी नाहीसे करता येत नाही.

सीमाप्रश्नाचा निकाल कधी लागेल, कसा लागेल, हे आपल्या हाती नाही. पुढच्या बैठकीत ग्रंथालय समितीपुढे मराठीचा रकाना कोरा जाणार की भरलेला, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आपल्या पूर्वजांनी एकोणिसाव्या शतकात काढले, तेव्हा त्यांना कोणत्याही राज्याचा आधार नव्हता. पुस्तके मागणारी माणसे होती. तीच माणसे आज विद्यापीठाच्या दारात दिसावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.